बेटावरचा माणूस

नव्वदच्या दशकात मी सुरतेला, बमरोलीच्या एका साडीछपाईच्या मिलमध्ये डिझाइन उतरवायचे. प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी. जिथे तो रंग छापायचा, तेवढ्या जागी काळी शाई भरायची.

मी राहायचे त्या गोडादऱ्यात माझी शेजारीण खानदेशातली होती. तिचा नवरा लूम सोडून अंदमानला धक्क्याच्या बांधकामावर गेला. तिथून एक चित्राचं कार्ड आलं, मग वर्षभर काही नाही. कार्डावर बेट होतं. काठाशी हिरवट, पुढे गडद होत गेलेलं पाणी, पिठासारखी वाळू, लाटांवर ओणवे झालेले माड. मागे त्यानं लिहिलं होतं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात.

किनाऱ्यावर एक पाठमोरा माणूस होता. छापील कार्डावरचा कोणीही. ती त्याच्यावर बोट ठेवून म्हणायची, "हाऊच शे. पाठवरथून वळखस मी."

मिलच्या शेठला त्या हंगामात साड्यांवर समुद्र हवा होता. मी कार्ड मागून आणलं आणि माणसासकट उतरवलं.

शेठ म्हणाला, "बेन, साडी पर माणस न चाले. काढी नाखो."

मी काळ्या आणि तपकिरी फिल्मवरून त्याला खरवडून काढलं. निळ्या आणि पिवळ्या फिल्मवर त्याची जागा भरायची राहिली. शिकाऊ मुलीनंही केली नसती अशी चूक. पाणी, वाळू, माड सुरेख उठले, आणि प्रत्येक हातभर अंतरावर माणसाच्या आकाराचं पांढरं भोक.

शेठनं माझी खरडपट्टी काढली आणि तो माल सेकंड म्हणून स्वस्तात फुंकून टाकला. महिनाभरात आमच्या नळावर चार बायका तीच साडी नेसून रांगेत. हंडे पुढे सरकायचे, तशी ती पांढरी माणसंही सरकायची.

शेजारीणही एक घेऊन माझ्या दारात आली.

"ताई, मना मानूस कोठे गया?"

"गेला नाही गं. रंग भरायचा राहिला."

"मंग भरी द्या."

चूक दुरुस्त करायची तर तिथे समुद्राचा रंग भरायला हवा. दहा वर्षं मी तेच काम केलं होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी तपकिरी घेतला. पदरावरचा एक भरला, त्यापुढे हात चालेना.

"बस," ती म्हणाली. "एकच तर शे."

पत्र आलं नाही. ती साडी विरेपर्यंत नेसली. नळावर मी मागे उभी असले की पदर माझ्यासमोर यायचा. तो एक तपकिरी, आणि त्याच्याभोवती बाकीचे सगळे.