दोन दुकानांत एक सळई

जड परात उचलली की माझं उजवं मनगट अजून ठणकतं. ठणकलं की मी शेजाऱ्याला शिव्या घालते. मनातल्या मनात नाही, चांगल्या ऐकू जातील अशा.

इतवारीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. हे गेल्यापासून मीच चालवते. शेजारीही भांडेवालाच. दोन्ही शटरं उंच, वर ढकलायला आकड्याची लोखंडी सळई लागते, आणि ती माझ्या सासऱ्यांच्या काळापासून दोन दुकानांत एकच. जो आधी येईल त्यानं आपलं शटर उघडायचं आणि दुसरा आला की त्यानं मागायच्या आत सळई नेऊन द्यायची. भांडण असो की अबोला, सळई द्यायचीच.

त्या लग्नसराईत त्याच्या परातींची चवड माझ्या पायरीवर सरकली. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, "उद्या एक परात जरी इथं दिसली नं गा, तर हातपाय तोडून ठेवीन!" आता तोंडानं तर मी रोजच कोणाचे ना कोणाचे हातपाय तोडते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली वाकून कुलूप काढत होता. मी नेहमीसारखी सळई घेऊन निघाले. त्यानं वळून पाहिलं, आणि हातातलं ते जाडजूड पितळी कुलूप माझ्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून प्लास्टर घालून आले, तर गल्लीतले एक म्हातारे व्यापारी समेटाला त्याच्या दुकानात बसलेले.

"वहिनी सळई घेऊन अंगावर येऊन राहिल्या होत्या," हा म्हणाला. "मी आधी नसतं मारलं तर माझं डोकं फुटलं असतं. मी फक्त स्वतःले वाचवलं."

"अरे, सळई द्यायलेच येऊन राहिली होती नं मी!"

"मले काय माहीत?"

"त्याचंही बरोबर आहे बाई," म्हातारे म्हणाले. "हातपाय तोडायचं तुम्हीच म्हटलं होतं."

त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर युद्ध चालू होतं. कोण्या देशानं शेजाऱ्यावर आधीच बॉम्ब टाकले होते, कारण तो टाकणार होता म्हणे. चहा पिता पिता दोघंही माना डोलावत होते. अस्सा संताप आला! भीती याची, आणि हाड माझं?

प्लास्टर निघालं, पण सळई मी माझ्याकडेच ठेवली. तो स्टूल घेऊन झटापट करत शटर उघडायचा. मी रोज सळई धरून पायरीवर उभी राहायचे, आणि तो माझ्याकडे पाठ म्हणून करत नसे. फार बरं वाटायचं. घाबर मेल्या, चांगला घाबर, एक दिवस फेडीनच.

तो दिवस आला. त्याच्या शटरची स्प्रिंग तुटली आणि अख्खं शटर त्याच्या खांद्यांवर आलं. दोन्ही हातांनी तोलून धरलेलं, ना आत जाता येई ना बाहेर. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी सळई घेऊन समोर गेले. त्यानं डोळे गच्च मिटले.

"मारा वहिनी. मले माहीतच होतं, तुम्ही मारणारच."

माहीतच होतं! माझी सळई वर गेली होती, ती तिथंच थांबली. हाणली असती तर हाच माणूस गल्लीभर सांगत फिरला असता, पाहा, मी म्हणत नव्हतो? त्यानं कुलूप हाणलं ते बरोबरच होतं, हे मीच माझ्या हातानं खरं करून दिलं असतं. एवढं आयतं द्यायचं याला? हट्!

घाई मात्र केली नाही मी. चांगला घाम फुटू दिला. मग सळई शटरखाली उभी टेकवली. तो कसाबसा बाहेर आला आणि ओट्यावर बसला.

"मारलं काहून नाही?"

"तेव्हाही मारणार नव्हती मी," मी म्हटलं, आणि माझं वाकडं मनगट त्याच्या नाकासमोर धरलं.

तो बघत राहिला.

"सळई आता तुझ्याजवळच ठेव," मी म्हटलं. "उद्या मी कुलूप काढत असली की ती घेऊन माझ्याकडं चालत ये."