शोकाकुल मित्रपरिवार

ते प्रकरण आठवले की मला आजही खुन्यांपेक्षा गर्दीचा राग जास्त येतो. मी तेव्हा नागपूरच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कळमन्याच्या बाजूचा भाग. ट्रकांची वर्दळ, दाट वस्त्या आणि प्रत्येक चौकात कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. नावे कोणाचीच लिहीत नाही. ज्यांची लिहायला हवीत त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, आणि ज्यांच्यावर झाला त्यांतल्या दोघांना मिसरूडही फुटले नव्हते.

दिवेलागणीच्या सुमारास कंट्रोल रूमचा फोन आला. बंद पडलेल्या एका गोदामामागे मुलगा पडला आहे, पोटात चाकूचे वार. बीट मार्शल पोहोचले, दवाखान्यात नेले, पण तो वाटेतच गेला. वय एकोणीस. पंचनाम्याला मी स्वतः उभा होतो. मी सांगत होतो, हवालदार लिहीत होते : मोरपंखी रंगाचा शर्ट, खिशावर पांढरी नक्षी, कॉलरच्या आत नव्या शर्टाला असते ती प्लास्टिकची पट्टी तशीच. मोबाईल मिळाला नाही.

महिनाभर आधीपासून शहर तापलेले होते. पोरांच्या टोळ्या, हातात कोयते, गाड्यांच्या काचा फोडणे, तलवारीने केक कापणे आणि त्या सगळ्याचे रील. लोक चिडले होते आणि त्यांचे चिडणे रास्त होते. दुकानदार लवकर शटर ओढायचा, बाई मुलीला क्लासहून आणायला स्वतः जायची. हा राग मी समजू शकत होतो. पुढे त्याचे जे झाले, ते मला समजले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर वस्तीतला एक पुढारी येऊन उभा राहिला. सगळे त्याला भाऊ म्हणत. सोबत पाच-सहा पोरे.

"साहेब, नाव पक्कं आहे," भाऊ म्हणाला. "नाल्यापलीकडची ती तर्री-पोहेवाली आहे ना, तिचं पोरगं. मारबतीच्या मिरवणुकीत यांची मारामारी झाली होती. तवाच तो म्हणला होता, तुले पाहून घेईन."

"मारताना कोणी पाहिलं?"

"पाहाले काय लागते? साऱ्या वस्तीले माहीत आहे."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. सगळ्यांना माहीत असते आणि पाहिलेले कोणीच नसते, तेव्हा ती खबर कोणीतरी घरी बसून तयार केलेली असते. तरीही मारामारीचा गुन्हा त्या पोरावर खरोखर दाखल होता. डीबी पथक, म्हणजे ठाण्याचे शोध पथक, पाठवून त्याला चौकशीसाठी आणले.

वीस वर्षांचा, किडकिडीत. दंडावर वाघाचा टॅटू, आणि तो वाघ त्याच्याहून जास्त घाबरलेला दिसत होता.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरीच होतो साहेब. कांदे चिरून राहिलो होतो."

"कांदे?"

"सकाळच्या पोह्याचे. मायच्या हाताले फोड आले आहेत, म्हणून मीच चिरतो."

टेबलाजवळचे दोन शिपाई हसले. मलाही हसू आले असते, पण त्याची बोटे पाहिली. नखांच्या कडा कांद्याच्या रसाने काळ्या पडल्या होत्या. अर्थात कांदे चिरणारा चाकू चालवू शकत नाही असे कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही. मोबाईलचे लोकेशन काढले, तर त्याचे घर आणि ते गोदाम एकाच टॉवरखाली. साक्षीदार एकच, त्याची आई, आणि आईच्या साक्षीला ठाण्यात किती किंमत असते हे तिलाही माहीत होते.

दुपारपर्यंत ठाण्यासमोर चारशे-पाचशे लोक जमले. पुढे मृत मुलाचे फोटो धरलेली पोरे, मागे बाया, सगळ्यांत मागे भाऊ. घोषणा एकच, "धिंड काढा!"

धिंड म्हणजे काय हे नागपुरात सांगावे लागत नाही. आरोपीचे हात बांधायचे, त्याच्याच मोहल्ल्यातून चालवायचे, लोकांनी बघायचे. कायद्यात याला जागा नाही. पण टाळ्या पडतात, आणि टाळ्या सगळ्यांना हव्या असतात. वरून फोन आला. "लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे. संध्याकाळी एक फेरी मारून आणा."

"सर, अजून अटकही नाही. पुरावा काहीच नाही."

"मग उद्यापर्यंत पुरावा आणा. नाहीतर उद्या मी माझा माणूस पाठवतो, तो धिंड काढेल."

तेवढ्यात बातमी आली की लोकांचा एक घोळका नाल्यापलीकडे गेला आणि त्या बाईची पोह्याची गाडी उलथवून नाल्यात टाकली. ती बाई मग ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. जाता-येता प्रत्येक खाकी कपड्याला एकच विचारायची, "साहेब, माह्या पोराले चालवत नेणार काय?"

मी उमरेडकडच्या हातमागवाल्या घरातला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. वडील मागावर बसायचे आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचो, कारण खटखटीत हळू वाचलेले मलाच ऐकू येत नसे. पुढे कायद्याची पुस्तकेही तशीच मोठ्याने वाचून पाठ केली. शाळेतल्या गुरुजींचे, वसतिगृहाचे, फी भरणाऱ्या आत्याचे उपकार त्या प्रत्येक पानावर आहेत. इतक्या लोकांच्या खर्चाने वाचलेले एक पान कोणाच्या तरी टाळ्यांसाठी सोडून देणे मला जमण्यासारखे नव्हते. त्या संध्याकाळी फेरी निघाली नाही, एवढेच. यात शौर्य वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात येताना वस्तीच्या चौकात नवा फ्लेक्स दिसला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मध्ये मृत मुलाचा मोठा फोटो, खाली पंधरा-वीस छोटे चेहरे, बरेचसे गॉगल लावलेले, आणि अक्षरे : 'शोकाकुल मित्रपरिवार'. असे फ्लेक्स मी शेकडो पाहिले असतील. गाडी पुढे गेली आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "मागे घे."

फोटोतला मुलगा हसत होता. अंगात मोरपंखी शर्ट, खिशावर पांढरी नक्षी.

मी तिथूनच मृत मुलाच्या घरी गेलो. त्याची मोठी बहीण रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. वडील नव्हते, घर तीच चालवत होती. मी विचारले, "तो शर्ट त्याने आधी कधी घातला होता?"

"कधीच नाही साहेब. मीच मागवला होता ऑनलाइन. त्याच दिवशी दुपारी पार्सल आलं. मी म्हटलं, धुऊन घाल. तर म्हणे, ताई, मित्रायले दाखवून येतो. तसाच अंगात घातला अन् गेला." ती थांबली. "पट्टीसुद्धा काढली नाही त्यानं."

"फ्लेक्सवरचा फोटो तुम्ही दिला?"

"नाही. मी तर फ्लेक्स पाहिलाही नाही. भाऊंच्या पोरांनी लावला म्हणे."

म्हणजे तो फोटो मुलगा घरातून निघाल्यानंतर आणि मरण्याआधी काढलेला होता. त्या वेळी त्याच्यासोबत कोणीतरी होते. आणि आदल्या दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या भाऊच्या पोरांपैकी प्रत्येकाने सांगितले होते की त्या दिवशी तो आम्हाला भेटलाच नाही.

फ्लेक्स छापणाऱ्याला बोलावले. त्याने आपल्या मोबाईलवर आलेला फोटो दाखवला आणि पाठवणाऱ्याचा नंबरही. मूळ फोटोत मृत मुलाच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता. छापताना तो पुसायला सांगितले होते. नंबर भाऊच्या सगळ्यांत लाडक्या पोराचा निघाला. मोर्च्यात सर्वांत पुढे तोच होता, ओरडून ओरडून घसा बसला होता.

दुपारी त्याला आणले. मी त्याच्यासाठी चहा मागवला. मारझोडीने माणूस बोलतो, पण मारणाऱ्याला हवे तेच बोलतो. त्याला जे सांगायची हौस आहे ते विचारावे, हा माझा अनुभव. फ्लेक्सचा फोटो मी टेबलावर ठेवला.

"फ्लेक्स मस्त झाला रे. फोटो तर एखाद्या स्टुडिओतला वाटतो."

"नाही ना सर, मोबाईलचाच आहे." बसलेल्या घशातही त्याचा आवाज खुलला. "पोर्ट्रेट मोड. मागचं सारं ब्लर होते त्याच्यात."

"कोणी काढला? हात चांगला आहे."

"मीच काढला ना!"

"कधी?"

"असंच... मागच्या महिन्यात असन."

"शर्ट त्या दिवशी दुपारी आला. पहिल्यांदाच घातला होता."

त्याने चहाकडे पाहिले. मग फोटोकडे. मग दाराकडे. बाहेरून त्याच्याच दोस्तांच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"चाकू मी नाही मारला सर," तो म्हणाला. "मी पकडलं होतं फक्त."

तिघे होते. तिसरा, ज्याचा हात फोटोतून पुसला, त्याने वार केले होते. कारण विचारले तर समोरचा पोरगा म्हणाला, भाऊच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मेलेल्याचा फोटो वर आणि आमचा खाली लावला. वरून त्याने आम्हाला सगळ्यांसमोर छोटे म्हटले. "आम्ही काय छोटे आहो काय?" नव्या शर्टात फोटो काढून देतो म्हणून त्यांनी त्याला गोदामामागे नेले. दोन फोटो खरोखरच काढले. छान आले होते. इतके छान की दोन दिवसही ते कोणाला दाखवायचे नाहीत हे त्यांना सहन झाले नाही. माणूस मारला ते लपवता आले, फोटो लपवता आला नाही.

तिघांपैकी दोघे अठराच्या आतले. पंचांसमोर नाल्यातून चाकू काढला, मृताचा मोबाईल एकाच्या घराच्या पत्र्यावर मिळाला. दोघांना बालन्याय मंडळासमोर न्यायचे होते, तिसऱ्याला रीतसर अटक झाली.

संध्याकाळी भाऊ पुन्हा आला. या वेळी घोषणा नव्हत्या. सोबत तिघांच्या आया आणि वस्तीतले दहा-बारा जाणते लोक. आदल्या दिवशी मी त्यांना ठाण्यासमोर पाहिले होते.

"साहेब, तोंडावर कपडा टाकून न्याल जी," भाऊ हात जोडून म्हणाला. "लेकरं आहेत. पुढं सारं आयुष्य पडलं आहे."

"काल तुम्ही धिंड काढा म्हणत होता."

"ते वेगळं होतं ना साहेब. तो गुंड होता."

मृत मुलाची बहीण जबाबावर सही करायला आली होती. ती दारातच थांबली. "भाऊ," ती म्हणाली, "माह्या भावाले कोणी लेकरू म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही, गा." भाऊने मान वळवली.

तोंडावर कपडा मी टाकायला लावला. कायदाच तसा आहे. जो कायदा एका पोरासाठी पाळला तोच दुसऱ्यांसाठी पाळावा लागतो, मग घास कितीही कडू लागो.

पोहेवालीच्या पोराला सोडले. स्टेशन डायरीत नोंद झाली, त्याचा मोबाईल परत दिला. मला वाटले मायलेक निमूट निघून जातील. पण ती बाई पायरीवरून उठली नाही.

"चाला, घरी जा आता," मी म्हणालो.

"आम्ही एकटे नाही जाणार, साहेब."

"काहून? आता कोणी हात लावणार नाही."

"याले चालवत नेणार होते ना तुम्ही, साऱ्या वस्तीतून? मग न्या. तसंच न्या. फक्त हात बांधू नका." तिने पदर कमरेला खोचला. "लोकायनं पाह्यलं पाहिजे."

कोणत्याही नियमात हे बसत नव्हते. मी टोपी घातली आणि निघालो. पुढे मी आणि ती बाई, मध्ये तिचा पोरगा, मागे दोन शिपाई. चौकातून गेलो, फ्लेक्सखालून गेलो, नाल्यावरच्या पुलावरून गेलो. उजेड होता. कामावरून परतायची वेळ होती. एरवी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी आम्ही दिसलो की लोक आत वळायचे. एकाने शटर अर्ध्यावर ओढले. ओट्यावर भाजी निवडणारी बाई ताट उचलून घरात गेली. चारशे-पाचशे लोक ज्याला पाहायला उन्हात उभे होते, त्याला निर्दोष पाहायला कोणी थांबले नाही. ती बाई मात्र प्रत्येक दारासमोर थोडी थांबत होती. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "चाल वं माय, नोको थांबू." ती थांबतच राहिली.

टोळ्यांचे काय करायचे, असे मला आजही कार्यक्रमांत विचारतात. लोकांना कडक उत्तर हवे असते. मी सांगतो की धिंड काढलेली पोरे मी नंतर पाहिली आहेत. महिनाभराने ती आपल्याच धिंडीचे व्हिडिओ गाणे लावून फिरवतात. ज्याला फ्लेक्सवर वरचा फोटो हवा असतो, त्याला आपण आख्खा रस्ता देतो. पोरांना पकडा, खटला वेळेत चालवा, शिक्षा होऊ द्या. पण त्यांना फ्लेक्सवर बसवणारा कोण, हेही त्याच दिवशी विचारा. एवढे बोललो की सभागृहात टाळ्या थांबतात. पहिल्या रांगेत बहुधा कोणी ना कोणी भाऊ बसलेला असतो.

लोकांच्या रागावर माझा विश्वास होता. तो या प्रकरणात गेला. गुन्ह्याचा राग असता, तर तो नाव बदलल्यावरही टिकला असता. त्या संध्याकाळी पुलापलीकडे पोहोचल्यावर त्या बाईने नाल्यात उलट्या पडलेल्या गाडीकडे पाहिले. तिचा पोरगा आणि माझे दोन शिपाई खाली उतरले आणि तिघांनी मिळून ती वर ओढली. चाक वाकले होते. काठावरच्या घरांतून माणसांचे आवाज येत होते, टीव्ही चालू होते. मदतीला कोणी आले नाही.