टाचणीताईंचा ऑगस्टमधला नाताळ

टाचणीताईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या वर्गात, पालकसभेच्या दिवशी. तोवर रस्त्याने जाता-येता शंभरदा दिसल्या असतील, पण दिसणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. मी प्रगतिपुस्तकं घेऊन एकेका पालकाशी बोलत होते. शेवटच्या बाकावर एक बाई, गळ्यात मापाची पट्टी तशीच लटकत असलेली, आपली पाळी यायची वाट पाहत बसल्या होत्या. थोड्या वेळाने मान वर केली तर त्या खिडकीपाशी उभ्या. वर्गाच्या पडद्याची खालची दुमड उसवून लोंबत होती, ती त्या शिवत होत्या. सुई-दोरा त्यांच्या कॉलरलाच टोचलेला असे. शेजारी त्यांची दहा वर्षांची लेक कानापर्यंत लाल होऊन हळू आवाजात म्हणत होती, "आई, पुरे ना. आपला नंबर आलाय."

"झालंच. चार टाके."

चाराचे चाळीस झाले. मी त्यांच्यामागच्या दोघांना आधी घेतलं. लेक मात्र पडदा शिवून होईपर्यंत आईच्या बाजूला तशीच उभी होती.

टाचणीताई हे नाव माझ्याच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. माप घेताना त्यांच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत आणि त्या तशाच बोलत. सवयीने आम्हाला सगळं कळायचं. नवरा मालवाहू गाडी चालवायचा. लेक सहा वर्षांची असताना घाटात गेला. मागे राहिलं ते शिवणयंत्र आणि रस्त्याच्या कडेची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चूल, पलंग आणि लेकीचा अभ्यास. गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हा एकच नियम करून त्यांनी लेकीला शिकवलं, नर्स केलं. लेकीला दूरच्या शहरात मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. वर्षातून एकदाच, नाताळला, तिला चार दिवस रजा मिळायची. बावीसला यायची, सव्वीसला सकाळच्या गाडीने जायची.

आणि नेमके तेच चार दिवस टाचणीताईंच्या जिवावरचे. नाताळला अंगावर नवीन काहीतरी हवं हे आम्हा सगळ्यांना आठवतं ते डिसेंबर अर्धा सरल्यावर. तहान लागली की विहीर खणायला निघायचं, ही आमची जुनी खोड. कापडाची गाठोडी छताला टेकायची, लोक पायरीवर बसून राहायचे, "माझं तेवढं आधी हं ताई" असं प्रत्येकजण कानात सांगून जायचा. लेक मागच्या खोलीत स्वयंपाक करायची, ताट झाकून ठेवायची, एकटी जेवायची. आई पंचवीसला दुपारी यंत्रावरून उठायची ती थेट पलंगावर आडवी व्हायची.

चार वर्षांपूर्वी जाताना लेक दारात थांबून म्हणाली होती, "आई, मी रजा काढून येते ती तुझी पाठ बघायला नाही. पुढच्या वर्षीही असंच असेल तर त्यानंतर मी येत नाही. रागाने नाही सांगत."

हे मला टाचणीताईंनी जानेवारीत सांगितलं, माझ्या स्कर्टची कंबर आवळताना.

"रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं बाई," त्या म्हणाल्या. "राग दोन दिवसांत जातो."

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

"यंदा नाताळ आधीच उरकायचा."

मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. औषधाच्या दुकानातून मिळालेलं मोठं कॅलेंडर त्यांनी यंत्रासमोर लावलं होतं. ऑगस्टात मापं. सप्टेंबरात बेतणं. ऑक्टोबर शिलाई. नोव्हेंबरात काज, बटणं, दुमडी, इस्त्री. डिसेंबरचं पान उलटून दाखवलं तर बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस या चारही चौकोनांत त्यांनी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "काही नाही". चारदा, प्रत्येक चौकोनात स्वतंत्र.

अक्षर बरं म्हणून दारावरची पाटी मी लिहून दिली. 'नाताळचे कपडे: मापं ऑगस्टमध्ये. पंधरा नोव्हेंबरनंतर नवीन काम घेतलं जाणार नाही.' ती वाचून आमचा पाववाला पायरीवरूनच ओरडला, "काय ताई, ऑगस्टात नाताळ? मग एक एप्रिल कधी पाळायचा?"

"तुम्हाला वेगळा कशाला पाळायला हवा?" आतून उत्तर आलं.

त्याची बायको मात्र गंभीर होती. "अहो, पोरं वाढतात हो चार महिन्यांत. आमची मधली तर दुधीसारखी वाढतेय."

"दोन इंच माया ठेवते. वाढू दे."

"आणि ह्यांचं काय? हे आडवे वाढतात."

"त्यांना चार इंच."

थट्टा झाली, पण लोक आले. टाचणीताईंशी वाकडं कोण घेणार? मुलांचं माप घेताना त्या आईचा खांदा, बापाची उंची बघून अंदाज बांधायच्या आणि तो चुकायचा नाही. त्या पावसाळ्यात रस्ता चिखलाने भरलेला असायचा आणि आत टाचणीताई लोकरीचा कोट बेतत असायच्या. मी संध्याकाळी फिरून येताना डोकावायचे. त्या दर वेळी कॅलेंडरकडे हनुवटी करून सांगायच्या, "दोन दिवस पुढे आहे मी." असं समाधान मी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरही क्वचितच पाहिलंय. लेकीला फोनवर त्या काही बोलल्या नव्हत्या. "येऊन बघू दे," म्हणायच्या. "बोललेलं तिने खूप ऐकलंय माझं."

तीस नोव्हेंबरला अडतीस जणांचे कपडे तयार होते. त्यांना इस्त्री झाली होती आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली होती.

आणि इथे त्यांची एक चूक झाली. सगळे कपडे त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत, दांडीवर ओळीने टांगले. लोकांना नेताना सोयीचं पडावं हे एक कारण. दुसरं मी सांगते, त्यांनी कधी सांगितलं नाही: त्यांना ते दिसायला हवं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काम वेळेआधी झालं होतं. इतकं सुरेख काम झाकून कसं ठेवायचं?

दोन दिवसांत सगळ्या रस्त्याने ती खिडकी पाहिली. पंधरा नोव्हेंबरची पाटी दारावर होतीच. तिच्याकडे कोण बघतो?

पहिली आली औषधवाल्याची बायको. "झालं पण सगळं? बाई गं! मग तुम्ही मोकळ्याच आहात की. माझ्या भाचीचा एक फ्रॉक तेवढा. एकच."

एकच म्हणून घेतला. मग पाववाल्याच्या मेहुणीचे दोन. मग शाळेच्या शिपायाची विजार. दहा तारखेला चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर आले. वृंदाचे जुने झगे पेटीतून काढले तर त्यांना कसर लागलेली. चौदा झगे हवे होते.

"मास्तर, चौदा?" ताई म्हणाल्या.

"दुसरीकडे कुठे जाऊ? सगळे शिंपी गळ्यापर्यंत बुडालेत. तुम्हीच एक काठावर आहात."

मास्तर गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "नाही का म्हणत नाही तुम्ही? पाटी कशाला लावली मग आपण?"

त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, यंत्रावरच्या छोट्या गादीला टोचल्या. "बाई, नाही म्हणायची वेळ येते ना, तेव्हा माझ्या तोंडात नेमक्या ह्या असतात," त्या म्हणाल्या. मग कॅलेंडरकडे न बघता, "आणि मी ज्यांना नाही म्हणायचं, ती माणसं हाच सगळा रस्ता आहे. नवरा गेला तेव्हा ह्याच लोकांनी जुने कपडे उसवून मला काम दिलं होतं. नवे फाडून दिले असतील एखाद्याने."

मी चांगला उपदेश केला. आणि बारा तारखेला माझा कोट घेऊन त्यांच्या पायरीवर उभी राहिले. अस्तर फाटलं होतं, पुतण्याकडे नाताळचं जेवण होतं. "काही घाई नाही हं," असंही मी म्हटलं. असं म्हणणाऱ्याला घाई असतेच, हे मला चाळीस वर्षं मुलांचे अर्ज वाचून ठाऊक होतं. त्यांनी कोट घेतला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि चिठ्ठी टाचली.

बावीसला लेक आली. मी तेवीसला सकाळी कोट आणायला गेले. तिथे न जाण्याची अक्कल मला तेव्हाही सुचली नाही. टाचणीताई यंत्रावर होत्या, दाराकडे पाठ. पायाशी पाटावर लेक बसली होती, मांडीवर वृंदाचा झगा, आणि बटणं लावत होती. प्रवासाचा स्वेटरही तिने बदललेला दिसत नव्हता.

"बाई, या," ती उठून म्हणाली. "तुमचा कोट पण का?" मग लगेच, "तयार आहे. अस्तर मीच लावलंय काल. नर्सचे टाके आहेत, उसवणार नाहीत."

ती हसली. मला तो कोट परत तिथेच टाकून यावंसं वाटलं.

"आई सांगत होती, ऑगस्टात मापं घेतली म्हणून," ती म्हणाली. "कॅलेंडर दाखवलं मला."

"खरंच गं, नोव्हेंबरात सगळं झालं होतं," मी म्हटलं. "आम्ही लोकांनीच..."

"असू दे बाई."

यंत्र थांबलं. टाचणीताई मागे न वळता म्हणाल्या, "उद्या दुपारी संपतंय. उद्या दुपारपासून मी तुझी."

"हो आई."

चोवीसला दुपारी तीन वाजता चौदावा झगा गेला. टाचणीताईंनी यंत्रावर झाकण घातलं, लेकीला म्हणाल्या, "पाचच मिनिटं पाठ टेकते, मग आपण दोघी बाहेर जाऊ," आणि पलंगावर कलंडल्या. त्या उठल्या ते पंचवीसला दुपारी. एवढी झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती. लेक बॅग भरून उशाशी बसली होती. ड्युटीवर तिची एक मैत्रीण होती, लहान मुलांची आई. तिला सव्वीसला सकाळीच मोकळं करावं म्हणून ही एक दिवस आधी निघणार होती.

"उठवलं का नाहीस मला?" टाचणीताईंनी विचारलं.

"नाडी बघितली दोनदा," ती म्हणाली. "छान झोपली होतीस. मी बसले होते की शेजारी."

दोघींनी गाडीची वेळ होईपर्यंत चहा घेतला. हे सगळं मला ताईंनी नंतर, अगदी सरळ आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "भांडली नाही हो."

पुढच्या नाताळला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लहान मुलं असलेल्या नर्सना ती आपली रजा देऊन टाकते. इस्पितळात तिचं फार नाव आहे म्हणतात. ही सवय तिला घरातूनच आलीय.

आमच्या रस्त्याला मात्र शिस्त लागली. ऑगस्ट उजाडला की लोक आपण होऊन मापं द्यायला जातात. "आधी उरकलं की कसं निवांत वाटतं," असं पाववाल्याची बायको नवीन भाडेकरूंना समजावून सांगते. टाचणीताई तयार कपडे आता मागच्या खोलीत, चादरीखाली ठेवतात. पंधरा नोव्हेंबरनंतर कोणी आलंच तर त्या टाचण्या काढून ठेवून स्पष्ट सांगतात, "आता नाही." लोक मानतात. त्यांना वाईटही वाटत नाही. इतकं सोपं होतं ते.

मी एकदा म्हटलं, "लेकीला कळवा ना, आता खरंच मोकळ्या असता म्हणून."

"कळवलंय," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं म्हणाली. विश्रांती घे म्हणाली."

सध्या त्यांचं दुकान एक डिसेंबरपासून बंद असतं. लेक दर रविवारी सकाळी फोन करते, आणि यंदाही नाताळच्या चारही दिवसांची ड्युटी तिने घेतली आहे.