शेवेची वाटी

सुप्यात माझ्या खोलीला लागूनच त्याची खोली होती. तो एका कारखान्यात फिटर होता. बायको उन्हाळ्यात वारली. पाऊस सरला, संध्याकाळी लवकर अंधारायला लागलं, तसा तो रोज कामावरून येताना शेवेचा पुडा आणू लागला. ताटली न घेता उभ्यानंच खायचा. पुडा संपेपर्यंत मला पातळ भिंतीतून ती कुरकुर ऐकू यायची.

"भूक न्हाई वो सर," तो एकदा म्हणाला, "घर लई गप असतंय."

कोजागिरीला मी त्याला वाटीभर दूध दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात आला. वाटी शेवेनं शिगोशीग भरलेली होती, उरलेला पुडाही हातात होता.

"वाटी रिकामी परत द्यायची न्हाई, आसं ती म्हनायची. घरात दुसरं काय न्हाई. समदी ठेवा."

"आणि तुम्हाला?"

"आज भाकरी थापून बगतो."

थोड्या वेळानं पलीकडून थापण्याचा आवाज येऊ लागला, अडखळत, थांबत. मी दिवा न लावता ऐकत राहिलो. बोटं वाटीच्या तळाला लागली तेव्हा कळलं, मी उभ्यानंच खात होतो.