निळ्या भिंतीवरचा फळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं, असं ती गावभर सांगत असते. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. सकाळी रिह्याच्या खोऱ्यात धुकं उतरलं की मला ती निळी भिंत दिसायला लागते, एवढं खरं.

आमची शाळा तुम्ही जाता-येता पाहिली असेल. दुमजली, पुढे झेंड्याचा कट्टा, मागे भातखाचरं. शाळा आठवीपासून सुरू झाली, त्या पहिल्याच तुकडीत मी होतो. पुढे तिथेच शिक्षक झालो, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. गावाने श्रमदानाने दगड वाहिले, पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या, मग दहावीचा वर्ग आला, मग स्लॅब, मग संगणक. सुवर्णमहोत्सवाला स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा शाळेचा इतिहास कोण लिहिणार? मीच. माझ्याइतकं जुनं उरलंच होतं कोण?

पहिल्या वर्षी शाळेला छप्पर नव्हतं. देवळात पोरांचा गोंधळ नको, असं गावाने ठरवलं होतं. तेव्हा बौद्धवाडीतल्या सुंदरामावशींनी विहाराचं दार उघडलं. सारवलेली जमीन, निळ्या भिंती. फळा नव्हता, तर मावशींनी बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात वाटली आणि त्यांच्याच विहाराच्या भिंतीला फासली. झाला फळा! 'तिथलं पाणी पिऊ नका,' अशी आम्हा पोरांना घरून ताकीद होती. मी प्यायलो. रोज, मधल्या सुट्टीत, मावशींच्या माठातलं. ते गार पाणी, दारातून आत येणारा धुकट उजेड, दूर कुठेतरी बोलल्यासारखे गणित शिकवणारे गुरुजी — स्वप्न असावं असं वाटतं. पण स्वप्न नव्हतं.

आणि मी काय लिहिलं? 'शाळेचा पहिला वर्ग गावच्या देवळाच्या सभामंडपात भरला.'

मला कुणी सांगितलं नव्हतं हो. कुणी दबाव आणला असता तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडली असती. मी एकटाच टेबलाशी बसलो होतो, शेजारी चहा निवत होता. 'विहारात' असं आधी लिहिलंही होतं. मग वाटलं — विहार आला की माठ येणार, माठ आला की देवळाचं बंद दार येणार. गाव काय म्हणेल? खोडलं. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी वाचलं, आणि छान लिहिलंय म्हणाले.

समारंभाला सुंदरामावशी आल्या, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून. त्यांना वाचता येत नव्हतं. नातीने मांडवातच सगळं वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिचा हात धरून त्या माझ्यापाशी आल्या.

"गुर्जी, विहाराचं कुटं हाय यात?"

मी म्हणालो, छापखान्यात एक पान राहिलं.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ द्या. पोरं शिकली न्हवं? लई झालं."

त्यांना ते पटलं का? माहीत नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. मला माझी लाज वाटली, आणि तरीही पुढच्या पाहुण्याला मी हसून हार घातला.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. विहाराची ती भिंत अजून आहे. दरवर्षी तिला निळा रंग देतात, पावसाळ्यात ओल येते, आणि काळा चौकोन पुन्हा वर दिसू लागतो. मी तिकडून जात नाही, ओढ्याकडून वळसा घालतो.

परवा शाळेत 'माझी शाळा' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा होती. परीक्षक मी. मावशींची तीच नात आता दहावीत आहे. ती उभी राहिली. माझा लेख तिने पाठच केला होता. पहिल्या वर्गापाशी आली आणि थांबली. पोरांना वाटलं, विसरली. ती माझ्याकडे बघत होती. पाटातलं पाणी सरकावं इतक्या सावकाश तो क्षण गेला, आणि मग माझं वाक्य ती खणखणीत आवाजात, एक शब्दही न चुकता म्हणाली. देवळाच्या सभामंडपात.

मी तिला पहिला नंबर दिला.