डंपाखालचा गोठा

"ह्यो डोंगर माझ्या हातचो, बाई. माका इचारल्याशिवाय हलूचो नाय," असं म्हणून शेजारचे काका गोठ्यामागच्या लाल उतारावर तळहाताने थोपटायचे, बैलाची पाठ थोपटावी तसे.

डिचोलीकडे आला असाल तर असे डोंगर तुम्हीही पाहिले असतील. खाणीतली टाकाऊ माती ओतून ओतून झालेले डंप ते. काका तरुणपणी सावंतवाडीकडून आले आणि वीस वर्षं टिपर ट्रकने हीच माती ओतत राहिले. खाण बंद पडली, टिपर सुटला, आणि त्यांना जनावरांची हौस लागली. डंपाच्या पायथ्याशी त्यांनी गोठा घातला. एक तांबडी गाय, वीसेक गावठी कोंबड्या, मधमाश्यांच्या चार पेट्या. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर, उताराच्या खाली.

लपून अंडी घालणारी कोंबडी सापडली की म्हणायचे, "ही आमच्या सुपरवायझरासारकी. खय बसता ता कोणाक ठावक नाय." मला त्यांच्यापाशी बसायला आवडायचं. मी शाळेतली बाई म्हणून मला पहिल्या मधाची बाटली मिळायची.

त्या वर्षी आधी माश्या गेल्या. चारही पेट्या आठवड्यात रिकाम्या झाल्या. "फुलां सरली," काका म्हणाले. मग कोंबड्या खुराड्यात शिरेनात, फणसावर चढून बसू लागल्या. "मुंगूस फिरता आसतला." पावसात डंपाच्या पायथ्यातून लाल पाणी पाझरू लागलं. रोज थोडं जास्त. मी घाबरून दाखवलं तर हसले. "पाणी गेला की भार कमी होता. बराच आसा ता."

पालथ्या घड्यावर पाणी. ज्याने आयुष्यभर ती माती ओतली, त्याला मी काय शिकवणार?

श्रावणातल्या एका दुपारी त्यांची गाय दावं तोडून माझ्या अंगणात आली. अंग थरथरत होतं. मागोमाग काका आले, छत्री आणि नवं दावं घेऊन.

"राहू दे आज इथंच," मी म्हणाले.

"आज हय रवली तर उद्या गोठ्यात पाय ठेवची नाय."

त्यांनी ओढलं. गायीने चारही पाय चिखलात रोवले. ती हलेना.

"बाई, मागसून वायच ढकला."

मला हसू आलं. पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ढकललं. दोनदा. मग ती निघाली.

घरात येऊन चहा ठेवला. तो उकळायच्या आत टिपर मोकळा झाल्यासारखा आवाज आला, आणि बराच वेळ येतच राहिला. खाण बंद होऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

दोन दिवस माती उपसत होते. काका सापडले तेव्हा दावं त्यांच्या हातातच होतं. गाय शेजारीच होती.

गावात सगळे म्हणतात, बाईंनी राहू दे म्हणून सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही. मी मान डोलावते. ढकलल्याचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.