डॅन्यूबच्या बेटावरची मेंढरं

आधीच सांगते, भुतंखेतं, करणी, पुनर्जन्म यातलं मी काहीच मानत नाही. मी एअर होस्टेस आहे. अशुभ म्हणून तेरा नंबरची रांगच नसते ना काही विमानांत, तिथे चौदाव्या रांगेतल्यांना मी हसतमुखाने जेवण देते... ती रांग खरी कितवी हे माहीत असूनही! त्यामुळे हे लिहायला बसले याचं आश्चर्य सगळ्यात जास्त मलाच आहे.

आम्ही ओतूरजवळचे धनगर. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेती केली पण मेंढरं सोडली नाहीत. मग गुडघे गेले. भाऊ पारगावला कारखान्यात, मी ही अशी आकाशात... राखणार कोण? गेल्या दिवाळीनंतर आळेफाट्याहून एक व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि सगळी मेंढरं घेऊन गेला. पुढे त्यांचं काय होणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून आण्णा मिटले. फोनवर 'हां', 'बरं' एवढंच. ताटावर बसायचे आणि दोन घास चिवडून उठायचे. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल. आई एकदा फोनवर रडली, "मानूस हातचा चाललाय गं." ड्यूटीवर असले तरी माझ्या डोक्यात तेच.

यंदा मे महिन्यात व्हिएन्नाचा लेओव्हर मिळाला. पूर्ण दिवस मोकळा. राजवाडे बघून पाय दुखायला लागले, तेव्हा मी आणि माझी क्रूमधली मैत्रीण रिया मेट्रोने डॅन्यूब नदीतल्या लांबलचक बेटावर गेलो. सायकलवाले, पोहणारे, गवतात लोळत वाचणारे... आणि जाळीच्या कुंपणात चक्क मेंढरं! गवत कापायला मशीनऐवजी तिथे मेंढरं सोडतात म्हणे. पांढरीशुभ्र, गुबगुबीत. आमची काळी, काटक. लांबच्या नात्यातलीसुद्धा वाटणार नाहीत.

"तुझे पाहुणे भेटले बघ," रिया म्हणाली. "हाक मार ना!"

आता, मेंढरं कोणाच्याही हाकेला येत नाहीत. प्रत्येक घराची हाक वेगळी असते आणि कळपाला फक्त आपल्या घरची कळते. आण्णांची हाक म्हणजे जीभ टाळूला लावून लांबलचक 'हुर्रर्र', आणि शेवटी आवाज एकदम खाली. आमच्या शेजारच्या कळपानेही कधी तिला भीक घातली नव्हती.

मी गंमत म्हणून तीच हाक दिली.

चरणारा अख्खा कळप थांबला. माना वर झाल्या. आणि सगळी माझ्याकडे निघाली... पळत नाही, आमची संध्याकाळी घराकडे यायची तशी, एकीमागे एक. जाळीपाशी येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. रियाचं हसू थांबलं. राखणारी बाई, गॉगल लावलेली, धावतच आली. ही माझ्या नवऱ्याच्याही हाकेला येत नाहीत, तू काय केलंस, असं इंग्रजीत विचारायला लागली. मी काय सांगणार, कप्पाळ!

भीती नाही वाटली. रडू आलं. मी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला.

"पडून हाईत," आई म्हणाली. "थांब, देते."

आण्णांचा चेहरा दिसला. मी कॅमेरा मेंढरांकडे फिरवला. "आण्णा, हाक मारा."

"कुनाची हाईत?"

"मारा तर!"

त्यांनी घसा खाकरला आणि कित्येक महिन्यांनी हाक मारली. फोनमधून तो आवाज केवढासा येणार! पण पुढची मेंढी जाळीला भिडली, फोनकडे नाक करून उभी राहिली, आणि मागची सगळी ओरडायला लागली.

"ही आपली म्होरकी हाय," आण्णा म्हणाले.

"आण्णा, ही पांढरी आहे. आपली काळी होती."

"रंगाचं काय घिऊन बसलीस? तिला जरा चालू दे. मागचा डावा पाय वढती ती."

मी दोन पावलं सरकले, तशी तीही सरकली. ओढत होती.

त्यानंतर मला दोनदा व्हिएन्ना लागलं. दोन्ही वेळा मी बेटावर जाऊन हाक मारली. तोच कळप, तीच बाई. एकीनेही मान वर केली नाही. रियाला वाटतं तो योगायोग. मलाही तसंच म्हणायला आवडेल, पण जमत नाही. दुसरं काही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

आण्णांना ते नकोच आहे. त्या पहिल्या दिवशी फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "पानी जवळ हाय का?"

"नदीच आहे, आण्णा."

ते मग हळूच म्हणाले, "कापत न्हाईत ना तिथं?"

मी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, छे, ही फक्त गवतासाठी ठेवलीत. मी तसंच आण्णांना सांगितलं.

"मंग चांगल्या घरी पडली," ते म्हणाले. आणि मान वळवून आईला म्हणाले, "वाढ गं. भूक लागलीया."